सुतारकामासाठी टेप निवडताय? आधी त्याचा हूक हलवून बघा

दोन टेप घ्या, शेजारी शेजारी पसरा आणि तीन मीटरच्या खुणेपाशी निरखून बघा. दोन्ही नवे असोत, दोन्ही नावाजलेल्या कंपन्यांचे असोत, खुणा एकमेकींसमोर येतीलच असं नाही. मिलिमीटरभराचा फरक सहज निघतो. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की दोघांपैकी एक टेप खोटा आहे. प्रत्यक्षात दोन्ही टेप नियमाला धरून असू शकतात. किती फरक चालेल हे आधीच ठरलेलं असतं आणि पुष्कळ टेपांवर ते छापलेलंही असतं. ते वाचायचं असतं, एवढं मात्र कुणी सांगत नाही.

टेप घेताना आपण साधारण तीन गोष्टी बघतो: तो किती मीटरचा आहे, डबी हातात कशी बसते आणि ओढल्यावर पट्टी किती ताठ राहते. बांधकामावर या तिन्हींना अर्थ आहे. लाकूडकामाच्या टेबलावर यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीचा फारसा उपयोग नाही. उलट काम जमणार की बिघडणार हे ज्यांच्यावर ठरतं, तो टोकाचा हूक, पट्टीचा बाक आणि खुणांची छपाई, यांच्याकडे लक्षच जात नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. फर्निचरसाठी टेप आखूड घ्यावा, अरुंद घ्यावा आणि एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच वापरावा. असं का, ते आता क्रमाने बघू.

पट्टीवरचा तो बारीक रोमन आकडा

पट्टी थोडी बाहेर ओढा आणि सुरुवातीच्या भागात बारकाईने शोधा. बऱ्याच टेपांवर तिथे एक, दोन किंवा तीन उभ्या रेघांचा रोमन आकडा असतो, बहुतेकदा लंबगोलात. हा टेपचा अचूकता वर्ग. युरोपीय संघाच्या मोजमाप उपकरणांविषयीच्या निर्देशात लांबी मोजणाऱ्या साधनांचे असे तीन वर्ग दिले आहेत आणि त्या बाजारात विकले जाणारे टेप त्यानुसार बनतात. वर्ग पहिला म्हणजे सर्वांत काटेकोर, तिसरा म्हणजे सर्वांत ढिला.

चूक किती चालेल याचा हिशेब दोन भागांत असतो: एक ठरलेला भाग आणि त्यावर दर मीटरमागे वाढणारा भाग. दुसऱ्या वर्गाला ०.३ मिमी आणि वर दर मीटरमागे ०.२ मिमी एवढी सूट आहे. म्हणजे तीन मीटरवर ०.९ मिमी आणि पाच मीटरवर १.३ मिमी. पहिल्या वर्गाला पाच मीटरवर ०.६ मिमी चालतात, तिसऱ्याला २.६ मिमी. ही सूट दोन्ही बाजूंना आहे, कमीलाही आणि जास्तीलाही. त्यामुळे दुसऱ्या वर्गाचा एक टेप तीन मीटरला ०.९ मिमी कमी आणि दुसरा ०.९ मिमी जास्त दाखवत असेल, तर दोघांमधला फरक १.८ मिमी होतो आणि तरी दोघेही पास! हूक असलेल्या टोकापासून मोजताना त्यात आणखी थोडी सूट मिळते, ती वेगळीच. सुरुवातीच्या त्या दोन टेपांचं कोडं इथेच सुटतं.

टेपवर वर्गच छापलेला नसेल तर? तो वाईटच असेल असं नाही, पण चांगला असल्याची हमीही कुणी दिलेली नाही. निवडायची सोय असेल तर वर्ग लिहिलेला घ्यावा.

मग थेट पहिल्याच वर्गाचा का घेऊ नये?

घ्या, कुणाची ना नाही. पण फरक नेमका किती पडतो ते बघा. टेबलाचा पाय, कपाटाचा कप्पा, खुर्चीची पाठ, असे फर्निचरचे पुष्कळसे तुकडे एक मीटरच्या आतले असतात. एक मीटरपर्यंत पहिल्या वर्गाला ०.२ मिमी सूट आहे आणि दुसऱ्याला ०.५ मिमी. साध्या पेन्सिलीची रेघच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते. रेघेच्या कुठल्या बाजूने करवत घालायची हे ठरलं नसेल, तर पहिल्या वर्गाने मिळवलेलं सगळं तिथेच गेलं.

तापमानाचंही तसंच. टेपवरच्या खुणा २० अंश सेल्सिअसला बरोबर धरलेल्या असतात. पोलादाची पट्टी उष्णतेने लांबते. ४० अंशांत पाच मीटरचा टेप साधारण १.१ मिमीने वाढलेला असतो, पण एक मीटरवर ही वाढ पाव मिलिमीटरही भरत नाही. याची चिंता जमीन मोजणाऱ्यांनी करावी. लाकूडकाम करणाऱ्याने करायची असेल तर दमट हवेची करावी. ३०० मिमी रुंदीच्या फळीतल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला, तर लाकडाच्या जातीप्रमाणे तिची रुंदी दोन-तीन मिमी कमीजास्त होते. तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीला, जवळजवळ काहीच होत नाही. टेप कितीही चांगला असला तरी ही फळी उद्या तेवढीच राहील असं तो सांगू शकत नाही.

तेव्हा दुसरा वर्ग पुरतो. तिसरा शक्यतो टाळावा.

हूक ढिला आहे, टेप परत करू का?

टेपविषयी सर्वांत जास्त गैरसमज असेल तर तो याच गोष्टीचा. पट्टीच्या टोकाला असलेला पत्र्याचा हूक मागेपुढे हलतो. खरेदी करणाऱ्याला वाटतं, कारखान्यात रिव्हेट नीट बसलं नाही. काही जण तर हातोडीने ठोकून तो घट्ट करतात आणि चांगला टेप कायमचा बिघडवून बसतात.

हूक हलतो कारण तो हलायलाच हवा. त्या पत्र्याला स्वतःची जाडी असते, साधारण एक मिलिमीटर. आता मोजणं दोन प्रकारचं असतं. फळीची लांबी घेताना हूक तिच्या कडेला अडकवून पट्टी ओढतो, तेव्हा माप हुकाच्या आतल्या बाजूपासून सुरू व्हायला हवं, कारण लाकडाला तीच बाजू टेकलेली आहे. कपाटाच्या आतली रुंदी घेताना मात्र हूक समोरच्या फळीवर दाबतो. तेव्हा लाकडाला टेकते ती हुकाची बाहेरची बाजू, आणि शून्य तिथे यायला हवं. दोन शून्यांमध्ये अंतर बरोबर हुकाच्या जाडीएवढं. म्हणून रिव्हेटांची भोकं लांबट पाडून हुकाला तेवढाच वाव ठेवलेला असतो. ओढला की बाहेर सरकतो, दाबला की आत जातो, आणि शून्य दोन्ही वेळा लाकडाच्या पृष्ठावरच येतं.

पट्टीचा पहिला सेंटिमीटर नीट बघितलात तर तो पूर्ण भरत नाही, थोडा आखूड असतो. तिथे जी लांबी कमी आहे ती हुकाची जाडी भरून काढते.

म्हणजे प्रश्न हूक हलतो का हा नाही. तो स्वतःच्या जाडीएवढाच हलतो का, हे बघायचं. वाव जाडीपेक्षा जास्त झाला की बाहेरचं माप आणि आतलं माप एकमेकांशी भांडायला लागतात, आणि मग मापाने कापलेला कप्पा कपाटात शिरत नाही.

हूक तपासायचा कसा?

यासाठी एक पोलादी पट्टी लागते, ३०० मिमीची, जिचं शून्य अगदी काठापासून सुरू होतं. लाकूडकाम करणाऱ्याकडे ती असायलाच हवी, टेप असो वा नसो.

पट्टी टेबलाच्या कडेबाहेर किंचित आणून ठेवा. टेपचा हूक तिच्या शून्याच्या काठाला अडकवा, हलका ताण द्या आणि १००, २००, ३०० या खुणा जुळतात का बघा. हे झालं ओढून घेतलेलं माप. आता एक सपाट, काटकोनी ठोकळा टेबलावर पक्का करा. पट्टीचा काठ आणि टेपचा हूक, दोन्ही शेजारी शेजारी त्या ठोकळ्यावर टेकवा, टेप हलकेच दाबा आणि पुन्हा त्याच खुणा बघा. दोन्ही वेळा खुणा जुळल्या तर हूक चोख आहे. एकीकडे जुळल्या आणि दुसरीकडे नाही, तर हूक वाकलेला आहे किंवा त्याचा वाव बिघडला आहे. दोन्हीकडे सारखीच चूक येत असेल तर टेपची पट्टीच मुळात पुढेमागे बसली आहे. असा टेप एकट्याने वापरला तर निभावून जातो, पण गुण्या (काटकोन आखायचं साधन), गेज (कडेला समांतर रेघ आखायचं साधन), मशीनवरची पट्टी या दुसऱ्या साधनांशी त्याचं कधीच जुळत नाही.

हुकावर विश्वास नसेल तेव्हा जुने कारागीर एक युक्ती करतात. हूक सोडून देतात, १०० मिमीची खूण फळीच्या कडेवर धरतात आणि शेवटी आलेल्या मापातून १०० वजा करतात. पद्धत बिनचूक आहे. तिचा एकच दोष म्हणजे वजा करायचं राहून जातं आणि फळी बरोबर दहा सेंटिमीटर आखूड निघते. ही युक्ती वापरायचीच असेल तर वाचलेला आकडा मनात धरू नये. आधी वजाबाकी कागदावर करावी, मग खूण करायला जावं.

पाच मीटर, आठ मीटर... मोठा घेतलेला बरा ना?

मोठ्या टेपचं आकर्षण समजण्यासारखं आहे. कधी लागला तर हाताशी असावा, असा विचार असतो. पण लाकूडकामात सर्वांत मोठी वस्तू सहसा कुठली येते? प्लायची पूर्ण शीट. ती २४४० बाय १२२० मिमी असते. तिची सगळ्यात लांब रेषा म्हणजे कर्ण, आणि तो भरतो सुमारे २७२८ मिमी. म्हणजे तीन मीटरचा टेप शीटच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पोचून वर उरतो. भिंतीतलं कपाट करायचं असेल, खोली मोजायची असेल, तर पाच मीटरचा हवा. त्यापलीकडची लांबी टेबलावर फक्त वजन म्हणून येते.

लांबीपाठोपाठ रुंदी येते, आणि माझा खरा आक्षेप तिच्यावर आहे. लांब टेपांची पट्टी रुंद असते, बहुधा २५ मिमी किंवा त्याहून अधिक. तीन मीटरच्या टेपची १३ किंवा १६ मिमी असते. रुंद पट्टी कशासाठी? हवेत लांबवर ताठ राहावी म्हणून. एकटा माणूस खाली उभा राहून छताजवळचं माप घेतो, तेव्हा पट्टी मध्येच मोडून पडू नये. हा ताठपणा येतो पट्टीच्या बाकामुळे. पन्हळीसारखा उभा बाक दिला की पातळ पत्राही सरळ राहतो. आपोआप गुंडाळणारा स्प्रिंगचा टेप त्याच्या आधीपासून होता. अमेरिकेत ॲल्विन फेलोज यांनी १८६८ मध्ये त्याच्या एका सुधारित रूपाचं पेटंट घेतलं होतं. बाक दिलेल्या पट्टीचं पेटंट हायरम फरँड यांना १९२२ मध्ये मिळालं आणि आजचा खिशातला टेप तिथून घडत गेला.

तर हा बाक बांधकामावर वरदान आहे. टेबलावर तोच त्रास देतो.

पट्टीचा बाक आणि तिरकी नजर

टेप फळीवर ठेवा आणि बाजूने वाकून बघा. पट्टीचा मधला भाग लाकडाला टेकलेला असतो आणि दोन्ही कडा वर उचललेल्या असतात. खुणा कुठे छापलेल्या आहेत? कडांवर. म्हणजे ज्या रेघेवरून माप घ्यायचं ती रेघ लाकडापासून अधांतरी असते. डोळा बरोबर तिच्या वर असेल तर काही बिघडत नाही. पण काम करताना आपण क्वचितच तसे उभे असतो. कड लाकडापासून तीन मिमी वर असेल आणि तुम्ही २० अंश तिरकं बघत असाल, तर खूण एक मिलिमीटरहून थोडी जास्तच सरकते. आपण टेपचा वर्ग तपासत बसलो होतो, आणि इथे नजरेच्या कोनाने त्याच्या दुप्पट चूक केली.

उपाय सोपा आहे: पट्टी थोडी कलती करायची, म्हणजे खुणांची कड लाकडाला टेकते. अरुंद पट्टी बोटाने सहज कलती होते, हलकेच दाबली तर सपाटही बसते. रुंद पट्टीत बाक खोल असतो. ती जोर लावावा तेव्हा वाकते, आणि हात ढिला पडला की उसळते. तोवर हूक जागचा सरकलेला असतो.

खूण करतानाही एक साधी सवय फार उपयोगी पडते. नुसती उभी रेघ ओढू नका, बाणाच्या टोकासारख्या दोन तिरक्या रेघा मापाच्या बिंदूवर मिळवा. उभी रेघ किंचित तिरकी गेली तर माप नेमकं कुठल्या टोकाला होतं ते कळत नाही. बाणाला एकच टोक असतं. मग त्या टोकावर गुण्या लावून पूर्ण रेघ मारायची, आणि काम बारीक असेल तर पेन्सिलीऐवजी चाकूने.

तिरकेपणाची आणखी एक चूक आहे, तिला मात्र लोक उगाच घाबरतात. टेप फळीच्या कडेला समांतर नसला तर माप जास्त येतं, हे खरं. पण किती? एक मीटर लांबीवर टेपचं दुसरं टोक २० मिमी बाजूला गेलं तर फरक पडतो फक्त ०.२ मिमी. तेच २० मिमी अवघ्या ३०० मिमीच्या तुकड्यावर सरकलं तर फरक ०.७ मिमीच्या जवळ जातो. म्हणजे लांब फळीवर थोडं वाकडं चालून जातं आणि छोट्या तुकड्यावर नाही. छोट्या तुकड्याला तर टेप लावूच नये. तिथे पोलादी पट्टी घ्यावी.

मिलिमीटर की इंच?

ज्याला ज्या मापात विचार करता येतो त्याने ते वापरावं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अडचण होते ती दोन्ही मिसळल्यावर. आठ फूट म्हणजे काटेकोर २४३८.४ मिमी, पण आठ फुटी म्हटली जाणारी शीट २४४० मिमीची असते. कागदावर फूट आणि टेपवर मिलिमीटर अशी सांगड घातली की हा दीड मिलिमीटर कुठून आला ते शोधत बसावं लागतं. सुतात मोजणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. त्याला तीन मिमी धरून चाललं तर आठ सुतांत इंचाला १.४ मिमी कमी पडतात.

निवडीच्या दृष्टीने याचा अर्थ असा. एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असलेल्या टेपमध्ये तुम्हाला हवी ती कड निम्म्या वेळा लाकडाच्या चुकीच्या बाजूला येते, आणि मग पट्टीच्या रुंदीपलीकडून नजरेनेच खूण उतरवावी लागते. दोन्ही कडांवर एकच माप असलेला टेप घेतला तर ही कटकट मिटते. मी मिलिमीटरच्या बाजूचा आहे. अपूर्णांकांची बेरीज करवतीच्या आवाजात कुणी करू नये.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवेल. पेन्सिल उजव्या हातात धरायची, तर डबी डाव्या हातात जाते, हूक उजवीकडे राहतो आणि आकडे उलटे दिसतात. इंग्रजी आकड्यांत सहा उलटा केला की नऊ होतो, आठ मात्र आठच राहतो. त्यामुळे अडुसष्ट उलटून एकोणनव्वद वाचले जातात आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. काही टेपांवर आकडे दोन्ही दिशांनी वाचता येतील असे छापतात. असा मिळाला तर जरूर घ्या. नाहीतर शेजारच्या दहाच्या खुणेकडे बघून खात्री करून घ्यायची.

खुणा ठळक आणि पार्श्वभूमी बिनचमकीची हवी. चकचकीत पट्टीवर दिव्याचा झोत पडला की तेवढाच भाग वाचता येत नाही, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो.

लेझर घेतला तर टेपची गरजच काय?

लेझर मीटर खोली मोजायला उत्तम. पण बऱ्याच सामान्य लेझर मीटरांवर अचूकता दीड ते दोन मिलिमीटर कमीजास्त अशी लिहिलेली असते, म्हणजे एक मीटरच्या आत ती दुसऱ्या वर्गाच्या टेपपेक्षा वाईट ठरते. शिवाय त्याला किरण आदळायला समोर पृष्ठभाग लागतो. टेबलावर पडलेल्या फळीला समोर भिंत नसते. आणि मुख्य म्हणजे लेझर आकडा सांगतो, खूण करून देत नाही. कपाट बसवायची जागा लेझरने मोजा, पण फळ्या टेपनेच आखा.

आतली मापं घेताना मात्र टेपही अडखळतो. पट्टी कोपऱ्यात वाकवून आकडा वाचायचा म्हणजे अंदाजच. बऱ्याच डब्यांवर डबीची स्वतःची लांबी छापलेली असते. डबी भिंतीला टेकवून वाचायचं आणि तेवढी मिळवायची. त्याहून खात्रीचं हवं असेल तर दोन टप्पे करा: एका बाजूने ५०० मिमीवर खूण, मग दुसऱ्या बाजूने त्या खुणेपर्यंतचं माप, आणि दोन्हींची बेरीज. सर्वांत खात्रीचं म्हणजे दोन अरुंद पट्ट्या एकमेकींवर सरकवत दोन्ही भिंतींना टेकवायच्या, जोडावर आडवी रेघ मारायची आणि त्याच पट्ट्या फळीवर नेऊन ठेवायच्या. यात आकडा येतच नाही, त्यामुळे चुकायलाही जागा नाही.

एका कामाला एकच टेप

आता त्या सुरुवातीच्या आग्रहाकडे येऊ. समजा, घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. घरातले सगळे तेच बघून उठतात, जेवतात, झोपतात, तर घरात कुणालाच उशीर होत नाही. गोंधळ होतो तो एक जण भिंतीवरचं आणि दुसरा मनगटावरचं बघायला लागला की. टेपचंही हेच आहे. टेबलाचे चारही पाय त्याच टेपने मोजले असतील, तर तो मीटरमागे अर्धा मिलिमीटर खोटा असला तरी चारही पाय सारखेच निघतील. टेबल डुगडुगतं ते एक पाय दुसऱ्या टेपने मोजल्यामुळे.

काम करणारे दोघे असतील तर सुरुवातीलाच दोन्ही टेप शेजारी ठेवून, त्या कामात जी सर्वांत मोठी लांबी येणार आहे तिथे खुणा जुळवून बघाव्यात. जुळल्या नाहीत तर एक टेप त्या कामापुरता बाजूला ठेवायचा. मशीनच्या कुंपणावर, म्हणजे लाकूड जिला टेकवून कापतात त्या आडपट्टीवर, चिकटवलेली मोजपट्टी हाही एक टेपच आहे, हे विसरलं जातं. एक तुकडा कापा, तुमच्या टेपने मोजा आणि कुंपणावरचा काटा त्या मापावर सरकवून घट्ट करा. मग दोघे एकाच भाषेत बोलतात.

चौकट काटकोनात आहे का हे बघण्यासाठी दोन्ही कर्ण मोजतात, तिथे तर टेपचा खरेपणा लागतच नाही. दोन कर्ण एकमेकांएवढे आहेत का, एवढंच बघायचं. टेपवर चुकीचे आकडे छापलेले असले तरी हे उत्तर बरोबर येईल.

आणि एकच टेप वापरूनही चूक साचू शकते. दहा खुणा करायच्या असतील, तर प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून मोजत गेल्यास दर वेळची थोडी थोडी चूक पुढे सरकते. अर्धा अर्धा मिलिमीटर एकाच बाजूला पडला तर शेवटी पाच होतात. हूक एकाच टोकाला ठेवून सगळ्या खुणा तिथूनच करायच्या. एकसारखे दहा तुकडे कापायचे असतील तर मोजायचं फक्त एकदा. करवतीपुढे ठोकळा पक्का करायचा आणि प्रत्येक तुकडा त्याला टेकवून कापायचा.

उरलेल्या गोष्टी

चुंबकाचा हूक लाकडाला काही चिकटत नाही. तो चिकटतो करवतीच्या लोखंडी टेबलाला आणि स्क्रूंच्या डब्याला, आणि लोखंडाचा चुरा गोळा करून स्वतःची जाडी वाढवतो. लाकूडकामाला नकोच. वरून आणि खालून, दोन्हीकडून अडकणारा मोठा हूक बांधकामावर छान, पण फळीवर पट्टी सपाट ठेवू देत नाही. हुकात खिळ्यासाठी छोटी खाच असेल तर ती कामाची आहे. खिळ्याला अडकवून मोठं वर्तुळ काढता येतं. पट्टीवर नायलॉनचा थर असेल तर खुणा जास्त टिकतात. कापडी किंवा प्लास्टिकचा लवचीक टेप लाकडाला लावू नये, तो ताणला की माप बदलतं.

पट्टी सोडून दिल्यावर सपकन आत जाते आणि हूक डबीवर आदळतो, हा आवाज अनेकांना आवडतो. प्रत्येक आपटण्याने रिव्हेटांची भोकं थोडी मोठी होतात आणि वर सांगितलेला तो मोजका वाव वाढत जातो. शेवटचा वीतभर भाग बोटाने आवरत आत घ्यावा. टेप खाली पडला की हूक आधी तपासावा, विशेषतः हुकाच्या बाजूवर पडला असेल तर.

पहिल्या ३० सेंटिमीटरवरच्या खुणा सर्वांत आधी पुसतात, कारण वापर तिथेच जास्त असतो. त्या वाचण्यासाठी डोळे बारीक करावे लागले, किंवा हुकाचा वाव जाडीपेक्षा उघड जास्त दिसायला लागला, की तो टेप बारीक कामातून काढावा. टाकून द्यायची गरज नाही. कच्चं लाकूड मोजायला, शीट ढोबळ कापायला तो अजून पुष्कळ चालेल. फक्त डबीवर रंगाचा ठळक पट्टा मारून ठेवा, म्हणजे घाईत नव्या टेपऐवजी तोच हातात आला तर लगेच लक्षात येईल.